पाटी पुसायला सांगणे ही फसवणूक नव्हे

नवी ऑपरेटिंग सिस्टीम बाजारात येण्याआधी तिची चाचणी आवृत्ती लोकांच्या हाती दिली जाते. लोक हौसेने ती आपल्या संगणकावर टाकतात, ड्रायव्हर शोधून बसवतात, नेहमीचे प्रोग्रॅम चढवतात आणि महिनोन्महिने तिच्यावर काम करतात. मग अंतिम आवृत्ती येते, आणि सेटअप सांगतो की या चाचणी आवृत्तीवरून थेट पुढे जाता येणार नाही, नव्याने सुरुवात करा. इथे ठिणगी पडते. ‘आम्ही फुकट राबलो, चुका शोधून दिल्या, आणि बक्षीस म्हणून फॉरमॅट मारायला लावता?’ हा सवाल २००९ मध्ये विंडोज ७ च्या वेळी ठिकठिकाणी विचारला गेला आणि पुढेही थोड्याफार फरकाने ऐकू येत राहिला. त्याच्या पोटात तीन आरोप आहेत. ही अडवणूक तांत्रिक गरजेपोटी नसून मुद्दाम घातलेला अडसर आहे, हा पहिला. इतरांना जे सहज जमते ते यांना जमत नाही, हा दुसरा. चाचणी करणाऱ्यांच्या श्रमांची ही उपेक्षा आहे, हा तिसरा. तिन्ही ऐकायला रास्त वाटतात. तपासून पाहिले की तिन्हींचा नेम चुकलेला दिसतो. माझे म्हणणे थोडक्यात असे: चाचणी त्याच वाटेची व्हायला हवी, जिच्यावरून उद्या सगळे जग जाणार आहे. जी वाट फक्त चाचणी करणाऱ्यांच्याच पायाखाली येणार, ती बांधून देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. हे सूत्र हाती धरले की २००९ चा नकार आणि नंतरचे होकार, दोन्हींची संगती लागते.

आधी घटनाक्रम पाहू, कारण या वादात तारखांना महत्त्व आहे. विंडोज ७ ची सार्वजनिक बीटा आवृत्ती, म्हणजे बिल्ड ७०००, जानेवारी २००९ मध्ये आली. त्यानंतरची ‘रिलीज कँडिडेट’, बिल्ड ७१००, ५ मे २००९ पासून कोणालाही उतरवून घेता येत होती. २२ जुलै २००९ रोजी बिल्ड ७६०० वर अंतिम म्हणून शिक्कामोर्तब झाले आणि २२ ऑक्टोबर २००९ रोजी विंडोज ७ दुकानांत आली. चाचणी आवृत्त्यांना मुदत होती आणि ती आधीच जाहीर केलेली होती. बीटा १ ऑगस्ट २००९ ला संपणार होती. रिलीज कँडिडेट १ जून २०१० पर्यंत चालणार होती, मात्र १ मार्च २०१० पासून तिच्यावर चालणारा संगणक दर दोन तासांनी आपोआप बंद होऊ लागणार होता. बीटावरून रिलीज कँडिडेटवर आणि रिलीज कँडिडेटवरून अंतिम आवृत्तीवर थेट चढण्याची वाट सेटअपने अडवलेली होती. उलट विस्टावरून विंडोज ७ वर चढण्याची वाट मोकळी होती. तक्रारीचे मूळ याच विरोधाभासात आहे: जुन्या विस्टाला पायघड्या, आणि खुद्द विंडोज ७ च्या धाकट्या रूपाला मात्र दार बंद! वरवर पाहता हे उफराटे दिसते खरे.

पण ते उफराटे का नव्हते, हे विंडोज ७ बनवणाऱ्यांनी एप्रिल २००९ मध्ये, म्हणजे रिलीज कँडिडेट लोकांपर्यंत पोहोचण्याच्या आधीच, उघडपणे मांडले होते. त्यांचे म्हणणे साधे होते. उद्या विंडोज ७ वर थेट चढणारा माणूस विस्टावरून येईल. बीटावरून येणारे फक्त चाचणीकर्तेच असतील. म्हणून त्यांनी चाचणीकर्त्यांना विनंती केली की शक्य असेल तर परत विस्टावर जा आणि तिथून रिलीज कँडिडेटवर चढा, नाहीतर नव्याने टाका. या विनंतीत कोणाला तुसडेपणा दिसला. मला तिच्यात चाचणी या शब्दाचा खरा अर्थ दिसतो. नाटकाची रंगीत तालीम घेतात ती प्रेक्षकांसमोर जे घडणार आहे तेच आधी एकदा घडवून पाहण्यासाठी. तालमीतल्या मंडळींच्या सोयीचा वेगळाच प्रवेश बसवला, तर तालीम झाली असे म्हणता येईल, पण पहिल्या प्रयोगाला तिचा उपयोग शून्य. बीटावरून रिलीज कँडिडेटवर अलगद गेलेला प्रत्येक चाचणीकर्ता विस्टावरच्या वाटेचा एक परीक्षक कमी करत होता. त्या वाटेवर कुठला प्रिंटर रुसतो, कुठला अँटिव्हायरस सेटअपला मध्येच अडकवून ठेवतो, कुठल्या जुन्या प्रोग्रॅमची नोंद हरवते, हे कळले असते ते विस्टावरून येणाऱ्यांकडूनच. सगळ्या चाचणीकर्त्यांना आपापल्या खासगी पायवाटेने पुढे जाऊ दिले असते, तर राजमार्गावरचे खड्डे गिऱ्हाइकांनी शोधले असते.

यावर कोणी म्हणेल, दोन्ही वाटा द्यायच्या होत्या, नाही कोण म्हणतो? त्यासाठी ही वाट कशी बनते ते पाहिले पाहिजे. चालू संगणकावर नवी विंडोज चढवणे म्हणजे जुन्या फायलींच्या जागी नव्या ठेवणे, इतके ते सरळ नसते. विस्टापासून विंडोजचा सेटअप एका तयार प्रतिमेवर चालतो. तो नवी प्रणाली अख्खीच्या अख्खी डिस्कवर मांडतो, आणि जुन्या प्रणालीतली खाती, सेटिंगे, रजिस्ट्रीतल्या नोंदी आणि बसवलेले प्रोग्रॅम वेचून नव्या घरात योग्य जागी लावतो. हे वेचून लावणे नियमांनुसार चालते: अमुक नोंद जुन्या प्रणालीत इथे असते, नव्या प्रणालीत तिथे जाते. नियम लिहायचे तर जुन्या प्रणालीचे रूप पक्के ठाऊक असावे लागते. विस्टाचे रूप पक्के होते, कारण ती बाजारात आलेली, गोठलेली वस्तू होती. तरीही सरसकट प्रत्येक विस्टा चालत नव्हती. किमान सर्व्हिस पॅक १ असल्याशिवाय तिच्यावरूनही विंडोज ७ वर चढता येत नव्हते. पैसे मोजून घेतलेल्या विस्टालाही ठरावीक अवस्थेत आल्याशिवाय प्रवेश नव्हता, हे तक्रारदार विसरतात. चाचणी आवृत्ती तर व्याख्येनेच पातळ असते. तिच्या दोन बिल्डांमध्ये नोंदींच्या जागा बदलतात, एखादी सोय येते, एखादी जाते. दर दोन बिल्डांमधल्या फरकासाठी नियम लिहायचे, तपासायचे, आणि अंतिम आवृत्ती आली की फेकून द्यायचे, असा तो उद्योग झाला असता.

आणखी एक गोष्ट या वादात क्वचितच कोणी काढली. २००९ मध्ये जगातल्या बहुतांश संगणकांवर विस्टा नव्हती, एक्सपी होती. एक्सपीवरून विंडोज ७ वर थेट चढण्याची सोय मुळीच नव्हती. रोख पैसे देऊन विंडोज ७ घेणाऱ्या एक्सपीच्या गिऱ्हाइकालाही नव्यानेच सुरुवात करावी लागत होती. ३२ बिटवरून ६४ बिटवर जाणाऱ्यालाही तेच, मग त्याच्याकडे विस्टा का असेना. तेव्हा चाचणीकर्त्यांना वेचून शिक्षा झाली, हे चित्र खोटे आहे. एक्सपीच्या गिऱ्हाइकांच्याच रांगेत ते उभे होते. शिवाय ‘सगळे गेले’ ही ओरडही अतिशयोक्त होती. डिस्क फॉरमॅट न करता त्याच पार्टिशनवर नव्याने विंडोज टाकली, तर सेटअप जुना संसार उचलून ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवत असे. कागदपत्रे, फोटो, गाणी तिथून परत काढता येत. पुन्हा बसवावे लागत ते प्रोग्रॅम. त्यात एखादा रविवार जातो, हे मान्य. पण रविवार जाणे आणि सर्वस्व जाणे यांत फरक आहे.

आता सर्वांत धारदार आक्षेप. तालमीचे कारण बीटापुरते पटले; पण २२ जुलैला आवृत्ती अंतिम झाल्यावर तपासायचे काय उरले होते? मग रिलीज कँडिडेटवरून शेवटच्या पायरीवर चढू द्यायला काय हरकत होती? या आक्षेपाला तालमीचे कारण पुरत नाही, हे कबूल केले पाहिजे. इथे दुसरे कारण पुढे येते, आणि ते माझ्या मते अधिक वजनदार आहे. अंतिम आवृत्ती म्हणजे कंपनीने घेतलेली दीर्घ मुदतीची जबाबदारी असते. विंडोज ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० पर्यंत मिळत राहिल्या, म्हणजे बाजारात आल्यापासून दहा वर्षांहून अधिक काळ. त्या काळात येणारी प्रत्येक दुरुस्ती एक गोष्ट गृहीत धरते: खालची जमीन आपल्या ओळखीची आहे. जिच्या पोटात अर्धवट बिल्डचे अवशेष आहेत, ती जमीन ओळखीची नसते. तिच्यावर चार वर्षांनी काही बिघडले तर तो दोष अंतिम आवृत्तीचा की मे २००९ मधल्या बिल्डचा, हे सांगणार कोण?

अवशेषांची ही भीती काल्पनिक नव्हती. रिलीज कँडिडेटच्या ३२ बिट इंग्रजी अल्टिमेट आवृत्तीत एक दोष निघाला. विंडोज ज्या ड्राइव्हवर बसते, त्याच्या मुळाच्या फोल्डरवर ज्या परवानग्यांच्या नोंदी हव्यात, त्यांतल्या काही सेटअपच्या वेळी लिहिल्याच जात नव्हत्या. त्यामुळे साध्या खात्याने काम करणाऱ्याला मुळाखाली थेट बनवलेल्या फोल्डरांमध्ये अडचणी येत, काही प्रोग्रॅम नीट बसत नसत किंवा निघत नसत. मायक्रोसॉफ्टने त्यावर लगोलग दुरुस्ती पाठवली. पण या दोषाची जात पाहा. तो चालत्या प्रोग्रॅममधला नव्हता. डिस्कवर उमटलेल्या नोंदीतला होता. चुकीचा प्रोग्रॅम बदलून नवा ठेवला की चूक संपते. चुकीची नोंद मात्र प्रोग्रॅम बदलला तरी जागेवर बसून राहते, आणि तिच्या छायेखाली बनलेले फोल्डर तोच वारसा पुढे नेतात. जुना संसार जपून पुढे नेणे हेच ज्या वाटेचे काम, ती वाट असले अवशेषही जपूनच पुढे नेते. जपायचे काय आणि टाकायचे काय हे तिला सांगायचे, तर चाचणी आवृत्तीतली प्रत्येक चूक आधी माहीत असायला हवी. सगळ्या चुका आधी माहीत असत्या, तर चाचणी घेतलीच कशाला असती?

याहून बोलके उदाहरण बीटाचे आहे. बिल्ड ७००० मध्ये एक दोष असा होता की काही एमपी३ गाण्यांची माहिती संगणकाने अद्ययावत केली की गाण्याच्या सुरुवातीचे काही सेकंद कायमचे कापले जात. दुरुस्ती आली, पण कापलेले सेकंद दुरुस्तीने परत येत नाहीत. हे उदाहरण माझ्या बाजूने जेवढे बोलते तेवढेच मला सावधही करते. कारण पाटी पुसूनही ते सेकंद परत येत नाहीत. त्यावर इलाज एकच, आधी घेऊन ठेवलेला बॅकअप. म्हणून नव्याने सुरुवात करणे हा रामबाण उपाय आहे, असा दावा मी करत नाही. ती प्रणालीतला गाळ काढते, माणसाच्या फायलींना झालेली इजा भरून काढत नाही. पण यातून निष्कर्ष निघतो तो तक्रारदारांच्या विरुद्ध. चाचणी आवृत्तीचा दोष तिच्याबरोबर निघून जात नाही, तो मागे खुणा ठेवतो. ज्याने ती टाकली, त्याने या खुणा हिशेबात धरायला हव्यात.

आता पहिल्या आरोपाचा लाडका पुरावा घेऊ. सेटअपच्या ‘सोर्सेस’ फोल्डरमध्ये ‘सीव्हर्जन डॉट आयएनआय’ नावाची एक छोटी फाइल होती. तिच्यात किमान कुठल्या बिल्डवरून चढता येईल, तो आकडा लिहिलेला असे. नोटपॅडमध्ये तो आकडा खाली आणला, की सेटअप निमूटपणे चाचणी आवृत्तीवरून पुढे जाई. झाले! लोकांना वाटले, चोर पकडला. एक आकडा बदलून जर सारे सुरळीत होते, तर तांत्रिक अडचण होतीच कुठे? इथेच घोडे पेंड खाते. ही युक्ती कोणी चोरून शोधली नव्हती. बीटावरून रिलीज कँडिडेटवर यायचेच असेल तर ती कशी वापरायची, हे मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००९ च्या त्याच निवेदनात सांगितले होते. कुलूप लावून किल्ली उंबरठ्यावर ठेवणाऱ्याला लबाड म्हणता येत नाही. त्याला एवढेच सांगायचे असते की आत जायचे तर जा, पण आम्ही बोलावले होते असे म्हणू नका. दार उघडते आणि वाट सुरक्षित आहे, ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले नोटपॅडने सिद्ध होते. दुसऱ्यासाठी वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या प्रोग्रॅमांसह, वर्षानुवर्षांचा अनुभव लागतो. ‘माझ्याकडे तर चालले’ हे म्हणणे एका यंत्राबद्दल खरे असते. कंपनीला आश्वासन द्यायचे असते ते कोट्यवधी यंत्रांना.

दुसरा आरोप इतरांच्या दाखल्याचा. उबुंटूची बीटा टाकलेला माणूस नेहमीची अद्यतने घेत राहतो आणि एके दिवशी त्याच्याकडे अंतिम आवृत्ती असते. वेगळे काही करावे लागत नाही. डेबियनची ‘टेस्टिंग’ शाखा गोठत गोठत शेवटी ‘स्टेबल’ होते. मग फुकट वाटणाऱ्यांना जमते ते मायक्रोसॉफ्टला का जमू नये? दाखला खरा आहे, पण तो माझ्याच सूत्राला दुजोरा देतो. लिनक्सच्या या घराण्यांत प्रणाली हजारो सुट्या पॅकेजांची बनलेली असते. प्रत्येक पॅकेज आपला आवृत्ती क्रमांक बाळगते आणि जुन्यावरून नव्यावर कसे जायचे याचे स्वतःचे नियमही बाळगते. बीटाच्या वापरकर्त्याकडे पॅकेज ज्या यंत्रणेने बदलते, त्याच यंत्रणेने उद्या सामान्य वापरकर्त्याकडेही बदलणार असते. तिथे तालमीची वाट आणि प्रयोगाची वाट एकच आहे, म्हणून ती फुकटात मिळते. तरी अवशेषांचा प्रश्न तिथेही पुरता सुटत नाही. फेडोराच्या चाचणी आवृत्तीत अजून तपासणी चाललेल्या अद्यतनांचे भांडार चालू ठेवलेले असते आणि अंतिम आवृत्तीच्या सुमारास ते बंद होते. मधल्या काळात तिथून आलेले एखादे पॅकेज अंतिम आवृत्तीतल्या पॅकेजाहून पुढचे असू शकते, आणि मग सगळी पॅकेजे अधिकृत यादीशी जुळवून घेण्याची वेगळी आज्ञा द्यावी लागते. डेबियनच्या स्थिर आवृत्तीसोबतची टिपणेही मार्गदर्शन करतात ते लगतच्या मागच्या स्थिर आवृत्तीवरून येणाऱ्याला. मधली आवृत्ती ओलांडून उडी मारण्याला तिथे आधार नाही. म्हणजे ओळखीच्या जागेवरूनच निघा, हा नियम तिथेही आहेच.

याहून मोठा पुरावा खुद्द मायक्रोसॉफ्टच्या पुढच्या वर्तनात आहे. २०१३ मध्ये विंडोज ८.१ ची प्रिव्ह्यू आवृत्ती आली, तेव्हा ती टाकणाऱ्याला अंतिम ८.१ वर जाताना फायली राखता येत, पण प्रोग्रॅम पुन्हा बसवावे लागत. त्याच वेळी विंडोज ८ वरून थेट ८.१ वर जाणाऱ्या सामान्य माणसाचे प्रोग्रॅम, सेटिंगे सारे जागच्या जागी राहत होते. राजमार्ग गुळगुळीत, पायवाट ओबडधोबड. २००९ चाच न्याय. मग विंडोज १० पासून चित्र बदलले. प्रणाली अधूनमधून पूर्ण नव्या बिल्डने बदलत राहणे हीच सर्वांसाठी नेहमीची रीत झाली. बिल्डवरून बिल्डवर जाणे हा आता चाचणीकर्त्यांचा खासगी प्रवास राहिला नाही, तो कोट्यवधींचा राजमार्ग झाला. त्याबरोबर अडसरही गेला. विंडोज ११ ची पहिली चाचणी बिल्ड २८ जून २०२१ रोजी आली ती २२००० या क्रमांकाची, आणि ५ ऑक्टोबर २०२१ रोजी अंतिम आवृत्ती आली तीही २२००० चीच. चाचणी कार्यक्रमाच्या बीटा चॅनेलवर राहिलेला माणूस काहीही न पुसता अंतिम आवृत्तीवर पोहोचला. मात्र जो अधिक कच्च्या बिल्डांच्या डेव्ह चॅनेलवर राहून त्याहून पुढच्या क्रमांकांवर गेला, त्याला मागे फिरायचे तर नव्यानेच विंडोज टाकावी लागली. गूगलच्या पिक्सेल फोनवरही हेच दिसते. अँड्रॉइडच्या बीटात स्थिर आवृत्तीची वाट पाहिली तर डेटा शाबूत राहतो. मध्येच बाहेर पडून मागच्या आवृत्तीवर जायचे तर फोन कोरा होतो. धोरण कंपनीच्या मर्जीवर डुलत असते, तर इतक्या वेगवेगळ्या घरांत असे एकाच दिशेने डुलले नसते.

तिसरा आरोप श्रमांचा, आणि भावनेला हात घालणारा. लोकांनी वेळ दिला, हे खरे. बीटाच्या प्रत्येक खिडकीच्या माथ्यावर अभिप्राय पाठवण्याची कळ होती आणि लोकांनी ती मनापासून दाबली. पण या श्रमांचे मोल कशात मोजायचे? चाचणीकर्त्याने दिलेल्या वेळाचे चीज होते ते त्याने दाखवलेला दोष सुटला की. त्याच्या यंत्रावरची जुनी मांडणी जशीच्या तशी टिकली, याने ते होत नाही. खरे तर कोऱ्या डिस्कवर अंतिम आवृत्ती टाकणारा चाचणीकर्ता आपण केलेल्या कामाचे फळ शुद्ध रूपात चाखत असतो. शिवाय या व्यवहारात एका बाजूनेच दिले गेले असेही नाही. रिलीज कँडिडेट फुकट होती आणि वर्षभराहून अधिक काळ चालली. तुलनेसाठी ॲपलचे उदाहरण घ्या. मॅक ओएस टेनची सार्वजनिक बीटा १३ सप्टेंबर २००० रोजी आली ती २९.९५ डॉलरला, म्हणजे चुका शोधण्याचे काम करण्यासाठी लोकांनीच पैसे मोजले. ती मे २००१ मध्ये संपणार होती. मार्च २००१ मध्ये आलेल्या अंतिम आवृत्तीची किंमत १२९ डॉलर होती. बीटा घेणाऱ्यांना त्यात ३० डॉलरची सूट मिळाली. श्रमांची कदर करायची तर ती अशी, किमतीत करता येते. सेटअपमध्ये एक कच्ची वाट काढून देणे ही कदर नव्हे.

आपल्याकडून येणारा एक आक्षेप मात्र वरच्या सर्वांहून गंभीर आहे, कारण तो सोयीसवलतीच्या विषमतेचा आहे. २००४ च्या धोरणानुसार भारतात सेकंदाला २५६ किलोबिट वेगाला ब्रॉडबँड म्हटले जाई. रिलीज कँडिडेटची ३२ बिट प्रत सुमारे २.४ जीबीची. तो वेग अखंड मिळाला असता तरी ती उतरायला वीस तासांहून अधिक लागले असते; वीज गेली की पुन्हा पहिले पाढे. त्यात मराठी डीटीपी करणाऱ्याचा संगणक डोळ्यांसमोर आणा: युनिकोडच्या आधीचे फॉन्ट, त्यांचे वेगळे कीबोर्ड, प्रिंटरचे ड्रायव्हर, प्रोग्रॅमची नोंदणी. असा संगणक पुन्हा उभा करायला एक रविवार पुरत नाही, आणि तेवढे दिवस धंदा बंद. त्याला पाटी पुसायला सांगणे क्रूर नाही का? आहे. पण त्या क्रूरतेचा क्षण चुकीच्या ठिकाणी दाखवला जातो. ज्या संगणकावर रोजची भाकरी अवलंबून आहे, त्यावर चाचणी आवृत्ती टाकली गेली, तेव्हाच तो क्षण येऊन गेला होता. दर दोन तासांनी बंद पडणार असल्याची तारीख जिच्यासोबत आधीच जाहीर झाली आहे, अशी वस्तू छपाईच्या घाईत कामाला जुंपायची नसते. आणि नेमक्या अशाच संगणकाला तपास न झालेली वाट सर्वांत महाग पडली असती. कोऱ्या पाटीची अडचण पहिल्याच दिवशी समोर दिसते आणि मोजता येते. अवशेषांची अडचण वर्षभराने, दिवाळी अंकाची पाने लागत असताना उगवते, आणि तेव्हा तिचे मूळ कोणालाच सापडत नाही.

मग कंपन्यांना सगळेच माफ का? अजिबात नाही. त्यांचा दोष आहे, पण तो वाट अडवण्यात नाही; वाट कुठे संपते हे मोघम ठेवण्यात आहे. जून २०१५ मध्ये विंडोज १० च्या वेळी हेच घडले. चाचणी कार्यक्रमात सामील असलेल्यांना अंतिम आवृत्ती मिळेल आणि ती सक्रिय राहील, असा अर्थ निघेल असे निवेदन मायक्रोसॉफ्टकडून आले. लोकांनी त्याचा अर्थ सर्वांना फुकट परवाना असा घेतला. मग निवेदनातले शब्द बदलले, आणि नंतर खुलासा आला की जुन्या विंडोजचा योग्य परवाना नसलेल्याला चाचणी कार्यक्रमातून कायमचा परवाना मिळणार नाही. फुकट राहायचे तर चाचणीतच राहा. इथला राग रास्त होता. प्रणाली कशी बदलणार आणि परवान्याचे काय होणार, या दोन प्रश्नांची गल्लत कंपनीनेच होऊ दिली. २००९ मध्ये ती स्पष्टता होती: मुदत जाहीर, अडसर जाहीर, त्यामागचे कारण जाहीर, पळवाटही जाहीर. गंमत अशी की अधिक राग जाहीरपणे सांगणाऱ्यावर निघाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

तेव्हा मागणी करायचीच असेल तर योग्य ती करू. चाचणी आवृत्ती उतरवण्याच्या पानावर, डाउनलोडच्या कळेच्या वर, चार ओळी ठळक असाव्यात: ही कधी बंद पडेल, इथून अंतिम आवृत्तीवर थेट जाता येईल का, मागे फिरायचे तर काय पुसले जाईल, आणि परवाना कोणाला मिळेल. एवढे न लिहिणाऱ्या कंपनीला जाब विचारायचा हक्क प्रत्येक चाचणीकर्त्याला आहे. पण हे सगळे लिहून दिलेल्या कंपनीकडे शेवटच्या दिवशी आपल्यापुरती वेगळी वाट मागण्याचा हक्क त्याला नाही. त्याने आपल्या बाजूने दुसरे पार्टिशन किंवा दुसरा संगणक वापरावा, बॅकअप आधी घ्यावा, आणि प्रोग्रॅमच्या डिस्क व नोंदणीचे क्रमांक एका जागी ठेवावेत. विंडोज ७ दुकानात आली २२ ऑक्टोबर २००९ रोजी आणि रिलीज कँडिडेटची मुदत संपली १ जून २०१० रोजी. मध्ये सात महिने आणि दहा दिवस होते. पाटी पुसायला तेवढे पुरेसे होते.